देखाव्यातलं युद्ध सात मिनिटांत संपतं: पुण्यातल्या गणेश मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, उत्सवप्रमुख आणि देखावा समितीचे सर्व कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, पुणे शहर

स. न. वि. वि.

देखाव्याचा विषय ठरवण्याच्या बैठका सुरू झाल्यात आणि बऱ्याच मंडळांच्या यादीत पुन्हा एखादं युद्ध वरच्या नंबरावर आहे, असं कानावर आलं. विषय पक्का होऊन मूर्तिकाराला आणि सुताराला ऍडव्हान्स जाण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून घाईने लिहितो आहे.

युद्धाचा देखावा करू नका, असं माझं म्हणणं नाही. जरूर करा. मी नारायण पेठेत वाढलो, जिवंत देखाव्यांच्या संहिता बरीच वर्षं लिहिल्या, त्यामुळे गर्दी कशाला थांबते ते मलाही ठाऊक आहे. तक्रार इतकीच की आपण युद्ध अर्धं दाखवतो. सीमेवरचं दाखवतो, घरातलं गाळतो. लढाई जवान लढतात, पण ती कधी सुरू करायची, किती ताणायची आणि कुठे थांबवायची हे ठरवताना सरकारचा एक कान कायम घराकडे असतो. घरचे लोक काय म्हणतील, किती सोसतील, कशाला पळपुटेपणा म्हणतील, हा हिशोब प्रत्येक युद्धात होतो. सुरुवात करताना लोकांची साथ मिळवणं त्या मानाने सोपं असतं. थांबताना ती मिळवणं महाकठीण.

आणि पुण्यात लोकमत तयार करायचं तुमच्याएवढं मोठं यंत्र कुणाकडे आहे? दहा दिवसांत जेवढी माणसं पेठांमधून देखावे बघत फिरतात, तेवढी कुठल्या पुढाऱ्याच्या सभेला येतात ते सांगा. उत्सव नेमका कुणी सुरू केला या वादात मी पडत नाही, मला याच शहरात राहायचंय. पण सुरुवातीच्या काळात उत्सवात गाणी म्हणत फिरणाऱ्या मेळ्यांच्या पदांवर इंग्रज सरकारची बारीक नजर असे आणि पुढे त्यांनी मेळ्यांवर बंधनं आणली, याबद्दल तरी वाद नसावा. टाळ आणि झांजा घेतलेल्या पोरांची भीती कुणाला वाटते? ती पदं घरोघर पोचतात, याची भीती होती.

लोकमान्यांचाच एक प्रसंग घ्या. मंडपात त्यांचा फोटो असतो, हा प्रसंग मात्र मी एकाही देखाव्यात पाहिलेला नाही. पहिलं महायुद्ध चौथ्या वर्षात होतं. साम्राज्याला माणसं हवी होती, पैसा हवा होता. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली आणि टिळकांनाही बोलावलं. टिळक उठले, राजनिष्ठेची औपचारिक वाक्यं बोलले आणि मग देशाचं संरक्षण आणि स्वराज्य यांची गाठ मारायला लागले. गव्हर्नरांनी त्यांना तिथेच अडवलं. टिळक सभा सोडून चालते झाले. ज्या माणसाला याच सरकारने सहा वर्षं मंडालेला ठेवलं होतं, त्यालाच बोलावून ‘लोकांना सांगा, सैन्यात भरती व्हा’ असं सुचवायची पाळी साम्राज्यावर आली होती. बंदुका त्यांच्याकडे होत्या, पण बंदूक धरणारी माणसं इथल्या घरांतून यायची होती.

आता आपल्या देखाव्यांकडे येतो. ऑपरेशन सिंदूरनंतरच्या उत्सवात एका गल्लीत रांग लावून मी जिवंत देखावा पाहिला. मंडळाचं नाव घेत नाही, मेहनत मनापासूनची होती. प्लायवूडचे डोंगर, पोती रंगवून केलेले खडक, धुराचं मशीन, लष्करी रंगाचे कपडे घातलेली अकरावी-बारावीची पोरं. निवेदन स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं, आवाज एकदम भारदस्त. क्षेपणास्त्र तारेवरून सुटायचं, समोरच्या डोंगरात लाल दिवे लागायचे, शिट्ट्या पडायच्या. सात मिनिटांत तिरंगा, जयघोष, पडदा, आणि लगेच माईकवरून ‘चला, पुढे चला, मागच्यांना बघू द्या’. मी बाजूच्या बोळातून निघालो तर मागे ती पोरं घामाघूम होऊन वडापाव खात होती. पाच मिनिटांनी त्यांना पुढच्या खेळात पुन्हा मरायचं होतं.

निवेदनात कराची बंदर बेचिराख झालं होतं. ८ मे २०२५ च्या रात्री काही वाहिन्यांनी ही बातमी दिली होती, इस्लामाबाद पडल्याचंही कुणी सांगितलं होतं, आणि लवकरच सगळं खोटं निघालं. चार महिन्यांनी तीच बातमी भारदस्त आवाजात गल्लीत ऐकू येत होती. पण मला खटकलं ते वेगळंच. देखाव्यात पहलगाम हल्ल्याचा २२ एप्रिल होता, आपल्या कारवाईचा ७ मे होता. १० मे नव्हता. कारवाई थांबली, त्या दिवसाला सात मिनिटांत जागाच नव्हती.

हा दिवस गाळायचा नसतो. तो किती अवघड असतो ते दाखवायला १९६२ चं चीनबरोबरचं युद्ध पुरेसं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसाला त्यातला शेवटचा अंकच पाठ आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलं. त्याच्या आधीची तीन वर्षं कुणी सांगत नाही.

लडाखच्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचं सरकारला कळलं होतं, लोकांना सांगितलेलं नव्हतं. ऑगस्ट १९५९ मध्ये पूर्व सीमेवर लोंगजूला गोळीबार झाला, संसदेत प्रश्न उठले, सप्टेंबरात सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. ऑक्टोबरात लडाखमधल्या कोंगका खिंडीत आपले पोलीस मारले गेले. देश खवळला. खवळणारच, आपल्याला अंधारात ठेवलं गेलं ही भावना खरी होती. इथून पुढे नेहरूंच्या हातपाय हलवण्याला जागा कमी कमी होत गेली. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चाउ एन लाय दिल्लीत आले. पूर्वेला तुमचं आम्ही मान्य करतो, पश्चिमेला आमचं तुम्ही करा, अशा छापाच्या देवघेवीचं सूचन त्यांच्या बोलण्यात होतं. ती देवघेव योग्य ठरली असती का, यावर अभ्यासक आजही भांडतात. मीही छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण तिच्यावर मोकळेपणी बोलायची सोयच नेहरूंना उरली नव्हती. संसद, वर्तमानपत्रं, स्वतःचे मंत्री, सगळे टपून होते.

मग काहीतरी करून दाखवणं भाग पडलं. नोव्हेंबर १९६१ पासून पुढे पुढे चौक्या टाकायचं धोरण आलं. मूठभर जवानांची चौकी, रसद विमानातून टाकायची, त्या थंडीला पुरणारे कपडे नाहीत, मागे रस्ता नाही. चौकी म्हणजे नकाशावरची टाचणी. दिल्लीत ती टोचली की संसदेत उत्तर देता येत असे. १२ ऑक्टोबर १९६२ ला कोलंबोला निघताना नेहरू पत्रकारांना सांगून गेले की आपला भूभाग मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. आठ दिवसांनी, २० ऑक्टोबरला, चीनने हल्ला केला. हल्ल्याचा दोष चीनचा, त्यात शंका नाही. पण तयारी नाही हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यापैकी कुणालाही ते चौकात येऊन सांगता येईना, कारण चौकात ते ऐकून कोण घेणार होतं? लोकमताने युद्ध हरवलं असं मी म्हणत नाही. तयारीआधी पाऊल टाकायला लावणाऱ्या कारणांत ते एक होतं, हे मात्र नक्की.

युद्ध चालू असतानाच त्याच लोकमताने संरक्षणमंत्री बदलला. कृष्ण मेनन यांना जावं लागलं. १४ नोव्हेंबरला लोकसभेने, लढा कितीही लांबला तरी आक्रमकाला भारतभूमीवरून हाकलून लावू, असा ठराव केला. सदस्य उभे राहिले होते. आठवड्याभरात चीननेच एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तो ठराव अजून तसाच आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक पंतप्रधानाला चीनशी बोलताना त्याची आठवण ठेवावी लागली आहे.

याच्या शेजारी १९७१ ठेवा. २५ मार्चला ढाक्यात कत्तल सुरू झाली, निर्वासितांचे लोंढे लागले, पुढे त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. आत्ताच सैन्य घुसवा, आत्ताच बांगलादेशला मान्यता द्या, असा घोशा देशभर होता. जनरल माणेकशॉ यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकिकत तुम्ही ऐकली असेल: एप्रिलमध्ये त्यांनी मंत्रिमंडळाला स्पष्ट सांगितलं की आत्ता नाही. पावसाळा तोंडावर आहे, बंगालच्या नद्या समुद्र होतील. हिमालयातल्या खिंडी उघड्या आहेत, चीन उतरू शकतो. इंदिरा गांधींनी ते ऐकलं आणि मग आठ महिने घरचा रोष अंगावर घेतला. विरोधक त्यांना कचखाऊ म्हणत होते. त्या रोषाचाही त्यांनी उपयोग करून घेतला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरोप-अमेरिकेत फिरताना ‘माझे लोक आता किती दिवस गप्प बसतील?’ या अर्थाचं त्या बोलू शकत होत्या. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला होता, खिंडींत बर्फ पडला, ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ला करून आयतं निमित्त दिलं. १६ डिसेंबरला शरणागती.

पण माझ्या मते त्या युद्धातला सगळ्यात धाडसी दिवस १७ डिसेंबर. ढाका पडलं होतं, देश नाचत होता, पश्चिमेकडेही आता सोक्षमोक्ष लावा म्हणणारे कमी नव्हते. त्या संध्याकाळी आठ वाजल्यापासून भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी केली. हे करायला लोकांचा विश्वास गाठीशी लागतो. शास्त्रीजींच्या वाट्याला ते नव्हतं. १९६५ च्या युद्धानंतर, जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांनी पाकिस्तानशी करारावर सही केली. जवानांनी जीव देऊन घेतलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड परत जाणार म्हणून देशात संताप झाला, महावीर त्यागींनी मंत्रिपद सोडलं. शास्त्रीजी मात्र तो संताप पाहायला परत आलेच नाहीत. काही महिन्यांपूर्वी धान्य वाचवायला त्यांच्या एका शब्दावर हाच देश सोमवारी संध्याकाळी चूल पेटवत नव्हता.

लोकमत नेहमी शहाणं असतं किंवा नेहमी वेडं असतं, असं समजणारे दोघेही घाईत आहेत. व्हिएतनामचं उदाहरण सगळे देतात: १९६८ च्या टेट हल्ल्यात कम्युनिस्टांचं लष्करी नुकसान जबर झालं, तरी अमेरिकेतल्या घरांत टीव्हीवर सायगाव पाहून लोकांचा सरकारवरचा विश्वास उडाला, आणि ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं सांगून टाकलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. लोकमत फिरल्यानंतरही अमेरिकन सैन्य पुरतं बाहेर पडायला १९७३ उजाडलं, आणि मधल्या काळात हजारो माणसं मेली. १९७१ मध्ये माय लाय गावातल्या निःशस्त्र गावकऱ्यांच्या हत्याकांडाबद्दल अमेरिकन लेफ्टनंट कॅली दोषी ठरला, तेव्हा व्हाइट हाऊसवर तारांचा पाऊस पडला. कॅलीला सोडा म्हणून. अध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून त्याच्या राहत्या जागी नजरकैदेत ठेवायला लावलं. युद्धाला कंटाळलेले आणि कॅलीला कवटाळणारे लोक एकाच देशातले होते, काही तर एकाच घरातले असतील.

आपलंही फार वेगळं नाही. १९९९ च्या जुलैत कारगिलच्या शवपेट्यांना गावोगावी मानवंदना देणारा देश त्याच डिसेंबरात अपहरण करून कंदाहारला नेलेल्या विमानासाठी पंतप्रधानांच्या दारात रडत होता, टीव्ही ते दिवसरात्र दाखवत होता, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी मसूद अझहरसह तिघे दहशतवादी सोडले गेले. प्रवाशांच्या नातेवाइकांना मी दोष देणार नाही. ज्याचं माणूस अडकलेलं असतं त्याने रडावंच. पण सरकारने तो आवाज ऐकून निर्णय घेतला आणि त्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागली ते आपण पाहिलं.

लोकमताने युद्धाची दिशा सरळ सरळ बदलल्याचं स्वच्छ उदाहरण हवं असेल तर २००३ चं इराक बघा. अमेरिकेला उत्तरेकडून तुर्कस्तानमार्गे घुसायचं होतं. तुर्की जनता प्रचंड विरोधात होती. १ मार्चला तिथल्या संसदेत बाजूने २६४ आणि विरोधात २५० मतं पडली, तरी तटस्थांमुळे उपस्थितांचं आवश्यक बहुमत झालं नाही आणि ठराव पडला. अमेरिकेची अख्खी डिव्हिजन जहाजांवर ताटकळली आणि शेवटी तिला कुवेतकडे वळवावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेने इराकसाठी भारताकडेही सैन्याची एक डिव्हिजन मागितली होती. दिल्लीत पाठवावी म्हणणारे वजनदार लोक होते. वाजपेयी सरकारने १४ जुलैला नकार दिला. विरोधी पक्ष आणि लोकांचा कल यांचा त्यात मोठा वाटा होता. आपले किती जवान त्या नकारामुळे घरी राहिले, याचा देखावा करता येत नाही, कारण त्यात काहीच घडत नाही. दुर्दैवाने न घडलेल्या युद्धाला शिट्ट्या पडत नाहीत.

आता पुन्हा मे २०२५ च्या पुण्यात या. पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या २६ जणांत दोघे पुणेकर होते. या शहराचा राग उसना नव्हता. तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घ्यायचं बंद केलं, आणि सरकारने न सांगता, व्यापाऱ्याने स्वतःच्या गल्ल्याला झळ लावून घेऊन व्यक्त केलेलं मत म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं. पण त्याच दिवसांत याच शहरात एका विद्यार्थिनीने समाजमाध्यमावर कुणाची तरी पोस्ट पुढे ढकलली, थोड्या वेळाने काढून टाकली, माफी मागितली, तरी तिला कॉलेजने काढलं, पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटून तिला जामीन दिला, तेव्हा ती परीक्षेला बसू शकली. पोस्ट मला पटणारी नव्हती. पण पोलीस ठाण्यावर आणि कॉलेजवर तेव्हा जो दबाव होता तो रावळपिंडीहून आलेला नव्हता, इथलाच होता. आणि १० मेला कारवाई थांबल्याचं जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांना, त्यांच्या मुलीसकट, इतक्या शिव्या घातल्या गेल्या की त्यांना समाजमाध्यमावरचं आपलं खातं कुलूपबंद करावं लागलं. निर्णय त्यांचा नव्हता, त्यांनी फक्त वाचून दाखवला होता. उद्या पुन्हा कधी थांबायची वेळ आली, तर थांबा म्हणायला पुढे येणाऱ्या अधिकाऱ्याला हे आठवेल की नाही?

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. युद्धाच्या देखाव्यात ते थांबलं तो दिवस घाला. कारगिल करत असाल तर ताबारेषा न ओलांडण्याचा निर्णय दाखवा. घुसखोर वर बसलेत, विमानांना पलीकडे जायची परवानगी नाही आणि तरीही शिखरं परत घ्यायची आहेत, यापेक्षा जास्त नाट्य स्फोटात असतं का? निवेदन रेकॉर्ड करायच्या आधी इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाला किंवा निवृत्त अधिकाऱ्याला दाखवा. या शहरात दोन्ही जिन्नस मुबलक आहेत, दर चौथ्या सोसायटीत एक कर्नलसाहेब सापडतात आणि चूक काढायला ते फुकट तयार असतात. व्हॉट्सऍपवर आलेला मजकूर जसाच्या तसा भारदस्त आवाजात वाचायचं मात्र बंद करा.

दुसरं, आरतीला जवानांना बोलावता ते उत्तमच. पण शाल-श्रीफळ देऊन, फोटो काढून, दहा मिनिटांत पाठवणी करता. त्यांना बोलू द्या. खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीत आलेले जवान तिथे वर्षानुवर्षं राहतात. क्वीन मेरीज संस्था आहे, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्यांसाठी निघाली, अजून चालू आहे. तिथल्या कुणाला मंडपात मानाने बोलवा आणि विचारा की युद्धाबद्दल लोकांनी काय बोलावं असं त्यांना वाटतं. मांडवाला पायऱ्या असतात, उतार करून घ्या, सुताराला आधीच सांगा.

एका देखाव्याची कल्पनाही देतो. एप्रिल १९७१, मंत्रिमंडळाची बैठक. एक लांब टेबल, आठ-दहा खुर्च्या, भिंतीवर पूर्व पाकिस्तानचा नकाशा, बाहेरून घोषणांचा आवाज. आत सेनाप्रमुख पंतप्रधानांना नाही म्हणतो आहे. धुराचं मशीन नको, तारेवरचं क्षेपणास्त्र नको, खर्च निम्म्यावर येईल. घोषणा देणारी गर्दी म्हणून प्रेक्षकांनाच वापरता येईल; रांगेत उभ्या असलेल्यांकडून दोनदा ‘आत्ताच हल्ला करा’ म्हणवून घ्या आणि मग पडदा उघडा.

संहिता मी लिहून ठेवली आहे, बारा पानं, पाच पात्रं, अकरा मिनिटांचा खेळ. मानधन नको. ज्या मंडळाला हवी असेल त्याने पोलीस परवान्याचे अर्ज भरायच्या आधी कळवावं, म्हणजे तालमीला वेळ मिळेल. माणेकशॉच्या भूमिकेला मिशी चांगली असलेला कार्यकर्ता हवा; बाकी पात्रांचं मी बघून घेईन.

आपला,
नारायण पेठेतला एक जुना कार्यकर्ता